‘तुंबाडचे खोत’ वाचताना: खोताचं माप, कुळाची कणगी

श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची कादंबरी १९८७ साली आली. जगबुडीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्या तिच्यात आहेत. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरेचा हक्क, १९५० साली कायद्याने संपली, त्यामुळे आजच्या वाचकाला गोष्ट कळते, पण अर्धेल, तक्षीम, अभावणी, वेठ हे शब्द आले की तो अडखळतो. या अंकात त्याच प्रश्नांना जागा दिली आहे.

तुंबाड हे गाव खरंच आहे का? दिवाळीनंतर पाहायला जायचा विचार आहे. काय बघावं? (एक वाचक, पुणे)

आहे. तुंबाड रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात आहे आणि जगबुडी ही खेड शहराला लागून वाहणारी नदी. खेडला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, मुंबई-गोवा महामार्गही खेडवरूनच जातो. पेंडसे स्वतः शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, जन्म १९१३ चा. हा मुलूख त्यांच्या पायाखालचा होता, आणि कादंबरीतली माती, पाणी, पाऊस खरा वाटतो तो त्यामुळेच. घराणं मात्र लेखकाचं आहे. गावात जाऊन ‘खोतांचा वाडा कुठला’ असं विचारत फिरू नका. तिथे राहणाऱ्यांना त्याचा त्रास होतो आणि हाती काही लागत नाही.

बघायची ती जमिनीची ठेवण. नदीकाठची सपाट खाचरं, त्यांच्या वर आगरं आणि घरं, त्याहून वर वरकस उतार आणि माथ्यावर कातळ. या चार पायऱ्या डोळ्यांत बसल्या की कादंबरीतलं कोणतं घर कुठे आणि का, हे आपोआप उलगडतं. दिवाळीनंतर कापणी संपलेली असते, बांध उघडे पडलेले असतात, त्यामुळे खाचरांचे आकार स्पष्ट दिसतात. एक दिवस जास्तीचा असेल तर दाभोळला जा. जगबुडी वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळला समुद्राला. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून खाडीचं तोंड दिसतं. रस्ते नव्हते तेव्हा या भागाचा माल आणि माणसं याच वाटेने ये-जा करत.

शाळेत ‘खोत म्हणजे जमीनदार’ असं शिकलो. आजोबा मात्र म्हणत, ‘खोत नुसता सारा गोळा करणारा.’ यातलं खरं कोणतं? (एक वाचक, चिपळूण)

आजोबांचं म्हणणं मुळाशी धरून आहे, शाळेचं परिणामाशी. खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची हमी घेणारा माणूस. दरसाल सरकारला कबुलायत लिहून द्यायची, ठरलेली रक्कम भरायची आणि गावातून वसूल करायची. हे काम वंशपरंपरेने चालत गेलं, विकता येऊ लागलं, गहाण पडू लागलं, आणि हळूहळू हक्काची मालमत्ता होऊन बसलं. आपण मालक की मक्तेदार, यावर खोत आणि इंग्रज सरकार एकोणिसाव्या शतकभर भांडले. त्या भांडणातून १८८० चा खोती कायदा आला.

गावातली सगळी जमीन खोताच्या मुठीत नसे, हे ध्यानात ठेवा. धारेकरी असत. ते सरकारी धारा तेवढा खोताच्या हाती देत, वर काही नाही. धारेकऱ्याची मान खोतापुढे ताठ असे ती या कारणाने. त्यांच्या खाली दिढीवाले, म्हणजे आकाराच्या (ठरलेल्या सरकारी साऱ्याच्या) दीडपट देणारे. त्यांच्याही खाली पिकाचा वाटा देणारी कुळं, त्यांतही कायम हक्काची आणि साधी असे दोन थर. साध्या कुळाला खोत उठवू शकत असे. म्हणून कादंबरीत कोणी खोतासमोर बोलताना आवाज चढवतो तेव्हा तो धारेकरी आहे की साधं कूळ, हे आधी बघावं. त्याच वाक्याचं वजन त्यावर ठरतं.

जातीबद्दलही एक गैरसमज आहे. कादंबरीतले खोत ब्राह्मण आहेत, आणि रत्नागिरी जिल्ह्यात चित्पावन खोत पुष्कळ होते. लोकमान्य टिळकांचं घराणं दापोलीजवळच्या चिखलगावचं खोत. पण मराठा खोत होते, मुसलमान खोतही होते. खोत हा हुद्दा होता, जात नव्हे. कुळांत मोठा भरणा कुणब्यांचा. शिवाय महार, भंडारी, गवळी, गरीब मराठेही कुळं होते. महारांवर दुहेरी भार असे: कुळाचा आणि अस्पृश्यतेचा. शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे हा सगळा मुलूख उभा होता. त्याच काळात अलिबाग तालुक्यातल्या चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा संप चालू होता, १९३३ पासून १९३९ पर्यंत. खोतांची शेतं न कसता लोकांनी इतकी वर्षं काढली, ती उपास सोसून.

अर्धेल म्हणजे निम्मा वाटा. निम्मं भात कुळाकडे राहत असेल, तर कुळं इतकी कंगाल कशी? (एक वाचक, मुरूड, ता. दापोली)

प्रश्न अगदी मर्मावर आहे, त्यामुळे हिशेबच मांडतो. भातजमिनीत खोताचा वाटा अर्धा, तो अर्धेल. नाचणी-वरीच्या वरकस जमिनीत तिसरा, तो तिर्धेल. पण अर्धा कशाचा? बहुतेकदा खळ्यावर पडलेल्या राशीचा नव्हे, तर उभ्या पिकाच्या अंदाजाचा. या अंदाज बांधण्याला अभावणी म्हणत. आश्विनात पीक पिवळं पडू लागलं की खोत किंवा त्याचा कारभारी दोन-चार माहितगार घेऊन बांधावरून फिरे, ‘या खाचरात इतके मण’ असं ठरवी आणि वहीत टिपून घेई. पुढे देणं द्यायचं ते त्या आकड्यावर.

अंदाज चुकायला कारणं पुष्कळ. उंच वाढलेलं भात भरघोस दिसतं, पण फुलोऱ्याच्या वेळी हस्ताचा पाऊस झोडपून गेला असेल तर लोंब्यांत निम्मे दाणे पोचट निघतात. बांधावरून ते कळत नाही. लोंबी हातात चुरून बघावी लागते. अभावणी आणि कापणी यांच्या मधल्या दिवसांत डुकरं शिरतात, पीक आडवं पडतं, चिखलात दाणा मोड धरतो. ही सगळी तूट कुळाच्या वाट्यातून जाते, कारण आकडा आधीच वहीत चढलेला असतो.

आता माप. चार शेरांची पायली, बारा पायलींचा मण, वीस मणांची खंडी असं धरू. गावोगावी पायलींची संख्या बदले, आणि फसवणुकीला तीच एक वाट होती. समजा खाचरात खरोखर एक खंडी, म्हणजे २० मण भात झालं. अभावणी बरोबर असेल तर खोताला १०, कुळाला १०. अभावणीत २४ मण धरले असतील तर खोताला १२ आणि कुळाला उरले ८. त्यातून पुढच्या सालचं बियाणं १ मण बाजूला. पावसाळ्यात खोताकडून किंवा वाण्याकडून उसनं आणलेलं २ मण भात दिढीने परत करायचं, म्हणजे ३ मण. राहिले ४ मण, म्हणजे १९२ शेर भात. कांडलं की मापाने साधारण निम्मा तांदूळ: ९६ शेर. पाच माणसांचं घर, माणशी दिवसाला अर्धा शेर धरला तर रोज अडीच शेर. तांदूळ पुरला ३८ दिवस. अभावणी बरोबर असती तर ४ ऐवजी ६ मण राहिले असते आणि तांदूळ ५७ दिवस पुरला असता. म्हणजे बांधावरच्या एका आकड्याने एकोणीस दिवसांचा भात गेला.

एक खाचर म्हणजे अख्खी शेती नव्हे, हे खरं. पण प्रमाण असंच राही. वर्षातला मोठा काळ नाचणी, वरी, कुळीथ आणि रानातल्या कंदांवर जाई. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली की पुन्हा दिढीचं कर्ज, आणि पुढच्या कापणीआधीच तिचा एक भाग गहाण. यावर माप घेतानाची शीग, म्हणजे मापाच्या काठावर चढणारी रास. खोताने घेताना पायली शीग लावून भरायची आणि उसनं देताना काठाला हात फिरवून सपाट करायची, ही तक्रार कोकणातल्या वयस्क माणसांनी पिढ्यान् पिढ्या सांगितली आहे.

आणि वेठ. आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या कामावर फुकट, ही आठवेठ. आपला नांगर-बैल घेऊन राबायचं ती नांगरवेठ. नुकसान नुसतं दिवसाचं नसतं, वेळेचं असतं. लावणीला पाऊस धरून थोडेच दिवस मिळतात. तरवा, म्हणजे लावणीची रोपं, खणून तयार आहे, चिखल झाला आहे, आणि त्याच दिवशी खोताच्या शेतावर जावं लागलं तर आपला तरवा जून होतो, त्याला फुटवे कमी येतात आणि उतारा पडतो. तो पडलेला उतारा अभावणीत कोणी वजा धरत नाही.

एक धागा वाचकांच्या नजरेतून हमखास सुटतो: राब. भाताची रोपं वाढवायची तर आधी जमीन भाजावी लागते. त्यासाठी कवळ, म्हणजे झाडांच्या पालेदार डहाळ्या, तोडायचा, शेण, पाला, गवत पसरायचं. हे सगळं वरकस उतारावरून येतं, आणि उतारावर हुकूम खोताचा. खोताने कवळ तोडायला मज्जाव केला की चांगलं खाचर हातात असूनही कूळ अडतं. त्यामुळे कुळाला जागेवर आणायला खोताला दरवेळी कोर्टकचेरीची गरज नसे. डोंगराची वाट अडवली की पुरे.

यातून सुटायचा रस्ता मुंबईचा होता. घरातला एक तरुण गिरणीत किंवा गोदीत गेला आणि मनीऑर्डर येऊ लागली, की ते घर दिढीच्या कर्जातून बाहेर येई. खोताचा दरारा कायद्याने १९५० साली संपवला, पण त्याआधीच मनीऑर्डरने तो पोखरला होता असं आमचं मत आहे. कादंबरीच्या उत्तरार्धात खोतांची पत उतरत जाते, ती हे मनात ठेवून वाचावी.

खोत इतका बलवान, तर मग घरात भाऊबंदकी आणि दावे का? सगळ्या खोतांच्या गोष्टींत हेच दिसतं. (एक वाचक, खेड)

कारण तक्षीम. खोती वाटली जाई ती जमिनीसारखी बांध घालून नव्हे, हक्काच्या वाट्याने. चार भाऊ असले तर प्रत्येकाची चार आण्यांची तक्षीम. त्यांना चार-चार मुलगे झाले की एका आण्याची. पण सरकारपुढे उत्तर द्यायला एकच जण लागे, वहिवाटदार खोत. पुष्कळ गावांत ही वहिवाट पाळीपाळीने फिरे. एका सालात चांगलं पिकलं आणि पुढच्या सालात अवर्षण, तर पाळी कोणाची यावरून वैर पेटे. पाळी असलेला खोत आपल्या वर्षात होईल तेवढं ओढून घेई, कारण पुन्हा पाळी यायला कित्येक वर्षं जायची. त्याचा चिमटा कुळालाच बसे. त्यात सारा थकला तर जबाबदारी सगळ्या भागीदारांची. असा संसार कोर्टात न जाता तरच नवल. वकिलाची फी भागवायला तक्षीमच गहाण पडे आणि ती सोडवून घेणारा सावकार गावात नवा खोत म्हणून उभा राही.

आमचं गावातलं मंडळ खोतांच्या घरावर नाटक बसवत आहे. काळ साधारण १८६० चा. नेपथ्यात काय दाखवावं, काय टाळावं? (एका नाट्यमंडळाचे कार्यकर्ते, गुहागर)

भिंती जांभ्या चिऱ्याच्या दाखवा, छपरावर गावठी नळे. मंगळुरी कौलं नकोत. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला तोच १८६५ मध्ये. जमीन खोताच्या घरातसुद्धा शेणाने सारवलेली. फरशी घातलीत तर काळ पन्नास वर्षं पुढे जाईल. दिवा समईचा किंवा कडू तेलाचा, काचेचा कंदील नको.

रचना पुढून मागे अशी: खळं, पायऱ्या, ओटी, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि न्हाणी. गोठा आणि बेडं बाजूला. ओटीवर झोपाळा. नाटकातली वर्गव्यवस्था दाखवायला ही उंचीच कामाला येते, तेव्हा ओटी खळ्यापेक्षा किमान दीड-दोन फूट उंच बांधा. खोत झोपाळ्यावर, भाऊबंद आणि भटजी ओटीवर, धारेकरी ओटीच्या कडेला बसलेला, कूळ खळ्यात उभं, आणि महार खळ्याच्याही बाहेर, गडग्यापाशी. पात्रांना तोंडाने काही सांगावं लागणार नाही.

कुळाचं घर दाखवणार असाल तर कुडाच्या भिंती, वर पेंढ्याचं शाकार, दार इतकं बुटकं की वाकून आत जावं लागेल.

भात मोजण्याच्या प्रवेशात तराजू आणू नका. ही चूक आम्ही अनेक नाटकांत पाहिली आहे. भात मापाने मोजत: पायली आणि शेर. मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतो, ही रीत पुष्कळ ठिकाणी होती, ती जरूर घ्या. आणि शीग लावलेली पायली प्रेक्षकांना दिसेल अशी धरा.

जुन्या काळी होडीने प्रवास करणारी माणसं ‘भरती धरून निघायचं’ म्हणत. घड्याळाशिवाय त्यांना भरतीची वेळ कशी कळे? (एक वाचक, दाभोळ)

तिथीवरून. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं, म्हणजे तिथीची पाऊणपट. येणारा आकडा पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ चे ३, म्हणून तीन वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला साधारण बाराला, आणि त्या दिवसांत उधाण. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. दिवसाची आणि रात्रीची भरती साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. हा नियम किनाऱ्याचा आहे. खाडीत आत जावं तसं पाणी उशिरा चढतं, म्हणून आतल्या बंदराला थोडा वेळ जास्त धरावा लागतो. उधाणाला भरलेला पडाव (मालाची मोठी होडी) आत वरपर्यंत जाई. भांगाच्या दिवसांत तोच पडाव मध्येच गाळात बसून पुढच्या भरतीची वाट बघत राही. मोठा माल बंदरातून आत न्यायचा तो उधाण बघून, हे त्यामुळेच.

२०१८ चा ‘तुंबाड’ हा चित्रपट याच कादंबरीवर आहे का? (एक वाचक, ठाणे)

नाही. नाव तेवढं कादंबरीवरून सुचलेलं आहे. चित्रपटाची भयकथा नारायण धारपांच्या लेखनावरून प्रेरित आहे. खोतीशी तिचा संबंध नाही.

आमचं गाव खोतीचं होतं का, आणि आमचं घराणं त्यात कुठे बसत होतं, हे कसं शोधावं? (एक वाचक, मंडणगड)

मागे मागे जायचं. पहिल्यांदा आजचा सातबारा आणि आठ-अ काढा. सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक असतात, त्यांतला सर्वांत जुना घ्या आणि तो फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागवा. त्याच्यात आधीच्या फेरफाराचा उल्लेख सापडतो. असं करत १९५० च्या आसपास पोहोचा. मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९ चा, तो रत्नागिरी जिल्ह्यात १५ मे १९५० पासून अमलात आला, आणि त्याच्या नोंदी त्या सुमाराच्या फेरफारांत असतात. तिथे तुमच्या पूर्वजाच्या नावापुढे खोत, धारेकरी की कूळ, हे स्पष्ट दिसतं.

दुसरा टप्पा १९५७ चा. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. ‘कलम ३२ ग’ खाली किंमत ठरल्याचा आणि ‘३२ म’ खाली प्रमाणपत्र मिळाल्याचा फेरफार सापडला, तर घराणं कुळाचं होतं असं समजा. किंमत भरूनही प्रमाणपत्र घ्यायचं राहिलं, अशी प्रकरणं पुष्कळ आहेत. ‘इतर हक्क’ या रकान्यात खोताच्या वंशजांचं किंवा कुळाचं जुनं नाव अजून लोंबकळत असेल तर ते हेच.

१९५० च्या मागे जायचं असेल तर सर्व्हेच्या वेळचं बोटखत मागा. खोती गावांत कोणत्या जमिनीवर कोणाचा कसला हक्क, हे त्यात नोंदलेलं असतं. अर्जात गाव, तालुका, आजचा गट क्रमांक आणि जुना सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर हे सगळं लिहा. नुसता गट क्रमांक दिलात तर जुनं दफ्तर सापडत नाही. पुष्कळसे जुने कागद मोडी लिपीत आहेत. नक्कल हाती आल्यावर वाचून घेण्याआधी तिची छायाप्रत काढून ठेवा आणि मोडी वाचणाऱ्याकडे ती छायाप्रत द्या, मूळ नक्कल नको. नाव शोधताना आडनावावर विसंबू नका. त्या काळच्या नोंदींत कुळाचं आडनाव बहुधा नसतंच. ‘अमुक बिन तमुक’ असं असतं, बिन म्हणजे ‘चा मुलगा’. त्यामुळे पणजोबांच्या वडिलांचं नाव घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून मगच तहसीलला जा.